तोंड हललं पाहिजे

द्रौपदानं उभ्या जन्मात स्वतःच्या मनचं एकच वाक्य लिहिलं, आणि तेही सिनेमापायी.

साठी उलटल्यावर ती साक्षरता वर्गाला बसली. वस्तीतलीच ज्योत्स्ना वर्ग घ्यायची. ती फळ्यावर लिहील ते द्रौपदा उतरवून घ्यायची. कमळ, नमन, गाय पाणी पिते. गाय तिची नव्हती, पाणीही तिचं नव्हतं, पण अक्षर बरं येऊ लागलं होतं.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात मुंबईहून सिनेमावाले आले. सुट्टीत खजिना शोधायला निघालेली चार शहरी पोरं आणि त्यांचा मामा, अशी गोष्ट होती. लेण्याद्रीला शूटिंगची परवानगी मिळाली नाही, म्हणून त्यांनी खालच्या दगडखाणीत थर्माकोलची लेणी उभी केली आणि वस्तीत निरोप धाडला, 'लेण्यांपाशी राहणारी माणसं दाखवायचीत, सगळे या.'

वस्ती बौद्धांची. लेण्यांचं काम म्हटल्यावर बायामाणसं बुद्धपौर्णिमेला निघावीत तशी पांढरीशुभ्र होऊन खाणीत हजर झाली. ते बघून साहाय्यक दिग्दर्शकानं कपाळाला हात लावला.

"अहो, पांढरं काय? जंगली लोक पाहिजेत मला!"

पांढऱ्यावर गोणपाट चढलं, तोंडाला काजळी लागली. द्रौपदाचा नवरा खंडू तर घरी निघालाच होता. पण तेवढ्यात त्या माणसानं त्यांच्या नातीकडे, सहावीतल्या प्रज्ञाकडे बोट केलं.

"ही चुणचुणीत आहे. उद्या ही पोरांसमोर येऊन बोलेल."

"काय बोलू?" प्रज्ञानं विचारलं.

"काहीही बोल गं. तोंड हललं पाहिजे."

द्रौपदाला वाटलं, तुमचं काय म्हणणं आहे, असं आजवर कुणी पुसलं नव्हतं, ते यांनी पुसलं. घरी येऊन तिनं वही काढली. तीनदा खोडून लिहिलं, 'ही लेणी आमच्या माणसांनी कोरलीत, चला, वाट मी दाखवते.' प्रज्ञानं ते घोकलं आणि दुसऱ्या दिवशी न अडखळता खणखणीत म्हटलं.

दिवाळीत सिनेमा जुन्नरला लागला. वस्तीतून दोन जीप भरून माणसं गेली. काजळी कधीच धुतली गेली होती, आता सगळ्यांना वाक्य ऐकायचं होतं. खंडू शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाला, "पावणं, आता आमची नात बोलंल. कान द्या."

प्रज्ञा पडद्यावर आली. ओठ हलले, द्रौपदाच्या अक्षरांबरहुकूम हलले. आवाज आला भलत्याच कुणाचा तरी.

"हुंबा लुंबा! हुंबा लुंबा!"

पडद्यावरची गोरी पोरगी किंचाळून मामाला बिलगली. थेटर हसून लोटपोट झालं. वस्तीची चिल्लीपिल्लीसुद्धा हसली.

द्रौपदा ताडकन उठली. "आसं न्हाई बोलली ती!" आणि त्या अंधारात तिनं आपलं वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं म्हटलं. बॅटरीचा झोत तिच्या तोंडावर पडला.

"ओ आज्जी, खाली बसा! पिक्चर बघू द्या!"

पुन्हा हशा. प्रज्ञानं तिचा पदर ओढला. "आजी, बस ना गं. सगळी बघायलीत."

बाहेर प्रज्ञाच्या वर्गातली हर्षाली भेटली, सोबत तिचा बाप संपत.

"प्रज्ञे, तूच व्हती ना ती? लई भारी! बोल ना परत, पप्पांना दाखव."

प्रज्ञानं आजीकडे बघितलं. मग डोळे वटारून, दोन्ही हात वर करून उडी मारली. "हुंबा लुंबा!"

"काय पोरगी हाय राव!" संपत पोट धरून हसला. प्रज्ञाही हसली. तिला ते आवडलं होतं. परतीच्या जीपमध्ये लेकरांनी वस्ती येईस्तोवर दुसरं काही म्हटलं नाही. खंडू बाहेर बघत बसला.

सोमवारी वर्गात ज्योत्स्ना लाडानं म्हणाली, "आजी, आज तुमच्या मनचं काहीतरी लिहा."

"तूच लिव फळ्यावर," द्रौपदा म्हणाली. "मी उतरून घेते."

ज्योत्स्नानं लिहिलं, 'गाय पाणी पिते.' द्रौपदानं मान खाली घालून, एकही अक्षर न खोडता, ते उतरवून घेतलं.