काराजाल मेला, तोरू उभा आहे

मित्रांनो, मी एक जुना घोडा आहे. मला भेटायला दुरून लोक येतात. माझ्या गळ्यात पडून हुंदके देतात आणि मी मेलो म्हणून हळहळतात. मी त्यांचे खिसे हुंगत उभा असतो. माझ्या जागी तुम्ही असता तर तुमचंही डोकं चक्रावलं असतं.

माझं नाव तोरू. काळ्या आयाळीच्या तांबड्या घोड्याला आमच्याकडे तोरूच म्हणतात, म्हणजे नाव ठेवायला कोणी फार डोकं चालवलं नाही. वरच्या कुरणात, सावलीतला बर्फ अजून वितळायचा होता तेव्हा माझा जन्म झाला. माझा मालक एसेनकुल याने मला स्वतःच्या कोटात गुंडाळून तंबूत आणलं. त्या कोटाला अजून शिंगराचा वास येतो अशी त्याची बायको बुबुसारा आजही कुरकुर करते.

तरुणपणी मी लांब पल्ल्याच्या शर्यती धावलो. डोंगर उतरायचा, नदी ओलांडायची आणि धुळीतून बाहेर पडून माणसांच्या आरोळ्यांच्या दिशेने सुटायचं, एवढंच मला कळे. एकदा मी बक्षिसात लाल गालिचा जिंकला. एसेनकुल तो माझ्या पाठीवर टाकून सगळ्या गावातून हिंडला. त्याची छाती इतकी फुगली होती की बुबुसारा म्हणाली, "अहो, शर्यत तो जिंकला. तुम्ही का धापा टाकताय?"

मग गुडघा गेला. शर्यतीच्या घोड्याचा गुडघा गेला की त्याचं नावही हळूहळू लोकांच्या तोंडातून जातं. मी दुधाचे कॅन वाहू लागलो, गवत ओढू लागलो. गालिचा भिंतीवर गेला आणि मी गोठ्याच्या मागे. बुबुसारा मला पाणी द्यायची, पण प्रत्येक बादलीबरोबर एक शिवी असायची. "खायला पुढे, चढावर मागे," असं ती म्हणे. मला त्याचं फारसं वाईट वाटत नसे. ती एसेनकुललाही तेच म्हणायची.

अशात एका उन्हाळ्यात शहरातून सिनेमावाले आले. त्यांना काराजाल नावाच्या एका दुर्दैवी शर्यतीच्या घोड्याची कथा सांगायची होती. काराजालचा मालक मरतो. आमच्या जुन्या रीतीप्रमाणे मेलेल्या माणसाच्या आवडत्या घोड्याची शेपटी कापत. वर्षभर त्याच्यावर कोणी बसत नसे, आणि मालकाच्या वर्षाच्या जेवणाला त्यालाही कापत. तर त्या वर्षाच्या जेवणाला शर्यत लागते. काराजाल दावं तोडतो, पाठीवर स्वार नसताना धावतो, सगळ्यांना मागे टाकतो आणि मालकाच्या तंबूच्या दारात येऊन कोसळतो. त्याला कापायची वेळच येत नाही.

आता गंमत ऐका. धावायचं काम माझ्याकडे नव्हतंच. त्यासाठी दुसरा तरुण घोडा आणला होता. माझ्याकडे फक्त मरायचं काम होतं.

तोलोगोन नावाच्या माणसाने मला मरायला शिकवलं. तो मोठा प्रेमळ होता. त्याने दोनदा टाळी वाजवली की मी गुडघे मोडून कुशीवर पडायचं, मान टाकायची आणि डोळा अर्धा उघडा ठेवायचा. कोणीतरी "कट!" म्हणेपर्यंत कान हलवायचा नाही. "कट" ऐकलं की उठायचं आणि साखरेचा खडा मिळायचा. इतकं सोपं आणि गोड काम मला आयुष्यात कोणी दिलं नव्हतं. मी दिवसभर मरत होतो. एसेनकुल बाजूला उभा राहून माझ्याइतकाच खूश होता.

मग त्यांनी माझी शेपटी कापली. एसेनकुलनेच हो म्हटलं होतं. बुबुसारा तेव्हा गावात गाईंपाशी होती. आम्ही कुरणातून उतरलो तेव्हा ती अंगणात लोकर पिंजत बसली होती. तिने माझी आखूड शेपटी पाहिली आणि तिच्या हातातली काठी खाली पडली.

"तुम्ही जिवंत आहात ना?" तिने एसेनकुलला विचारलं.

"दिसत नाही का?"

"मग ह्याची शेपटी कोणी कापली? धन्याच्या जिवंतपणी? स्वतःच्या हाताने मरण बोलावलंत की हो तुम्ही!"

"अगं बायबिचे, सिनेमा आहे तो." बायबिचे म्हणजे घरची मालकीणबाई. त्याचं काही चुकलं की तो तिला असं मानाने हाक मारायचा. "केस आहेत, पुन्हा येतील."

"येईपर्यंत मला झोप येणार नाही," बुबुसारा म्हणाली. तो सिनेमा आपण पाहणार नाही, अशी शपथ तिने त्याच दिवशी घेतली.

सिनेमा गावात आला तेव्हा बंद पडलेल्या क्लबाच्या भिंतीवर चादर लावून दाखवला. एसेनकुल मलाही घेऊन गेला. चादरीवर मला मोठा प्रकाश दिसला आणि त्यात एक घोडा धावत होता. मग तो पडला. पडलेला घोडा मीच होतो, हे मी डोळ्यावरच्या पांढऱ्या ठिपक्यावरून ओळखलं. साखर आता मिळेल म्हणून मी मान वळवली, तर एसेनकुल रडत होता! तो तिथे हजर होता, मित्रांनो. मी पडलो तेव्हा साखरेची पुडी त्याच्याच हातात होती. तरी त्याच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं आणि त्याने माझं दावं असं घट्ट धरलं होतं की जणू मी आत्ताच्या आत्ता कुठे निघून जाणार आहे. मग सगळा गाव उठून टाळ्या वाजवू लागला. इतक्या टाळ्यांतल्या माझ्या दोन कोणत्या ते मला कळेना. माझे गुडघे आपोआप मोडू लागले. "नको रे, नको," एसेनकुल माझ्या कानात म्हणाला, "ह्या तुझ्यासाठी नाहीत." मला अजून ते कोडं सुटलेलं नाही. माझ्यासाठी नव्हत्या, तर कोणासाठी होत्या?

त्यानंतर माणसं येऊ लागली. शहरातून गाड्या भरून यायची. कोणी म्हणे काय धावला! मी धावलोच नव्हतो. कोणी म्हणे ही रीतच क्रूर आहे, तर कोणी म्हणे ह्या रीतीतच आपली इज्जत आहे. मग ते दोघे माझ्या दोन बाजूंना उभे राहून माझ्या पाठीवरून भांडत. एक पोरगी आपल्या मैत्रिणीला हळूच म्हणाली, "खरा काराजाल शूटिंगमध्येच गेला म्हणे. हा दुसरा आहे. ह्याच्यासमोर बोलू नकोस." त्या सगळ्यांनी माझे फोटो काढले, पण माझं पाण्याचं टाकं कोरडं आहे हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. आणि जाताना आठवण म्हणून ते माझ्या शेपटीचा एकेक केस उपटून नेत. शेपटी आत्ता कुठे बोटभर वाढत होती. बुबुसारा पळी घेऊन त्यांच्यामागे धावायची. "मेल्यांनो! त्या केसांवर माझ्या घराचा जीव आहे!" लोकांना वाटायचं, म्हातारीचं घोड्यावर फारच प्रेम आहे.

कहर केला तो पलीकडच्या खोऱ्यातल्या एका म्हाताऱ्याने. त्याला सिनेमाचं काही ठाऊक नव्हतं. दारात शेपटी कापलेला घोडा पाहिला आणि त्याने रीतीप्रमाणे वाटेतूनच मोठ्याने गळा काढला. "अरे माझ्या भावा! अरे एसेनकुल! मला न सांगता कसा गेलास रे!" एसेनकुल चहाची वाटी हातात घेऊन दारात आला. "कोण गेलं रे?" त्याने विचारलं. म्हातारा मटकन खालीच बसला. मग दोघांनी पोट धरधरून हसत चहा घेतला. बुबुसारा मात्र हसली नाही. तिने आतून पीठ आणलं आणि अपशकुन टळावा म्हणून काहीतरी पुटपुटत ते उंबऱ्यावर टाकलं.

आणि त्या शरदात एसेनकुल आजारी पडला. पावसात भिजला, ताप चढला, छातीत घरघर सुरू झाली. तालुक्याहून डॉक्टर आला, सुया टोचून गेला. मला खिडकीतून त्याचा खोकला ऐकू यायचा. शेजारीण उमसुनाय रोज यायची आणि रोज माझ्या शेपटीकडे बघून मान हलवायची.

"मी काही बोलत नाही हं, एजे," ती बुबुसाराला म्हणायची. एजे म्हणजे ताई. "पण जिवंत धन्याच्या घोड्याची शेपटी... आमच्या आजीच्या वेळी असलं कोणी केलं नसतं बाई."

असं बरेच दिवस काही न बोलता तिने बुबुसाराचं काळीज पोखरलं. शेवटी बुबुसाराने ठरवलं की मला रविवारच्या गुरांच्या बाजारात पाठवायचं. माझ्यासारख्या घोड्याला तिथे कसाईच घेतो, हे तिला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. एसेनकुलला तिने सांगितलं नाही.

रविवारी सकाळी उमसुनायचा पुतण्या कालीच ट्रक घेऊन आला. बुबुसाराने मला दाव्याने ओढत अंगणात आणलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. नेमकी तेव्हाच शहरातली एक गाडी येऊन थांबली. दोन पोरी आणि एक पोरगा, हातात सफरचंदं. "हाच तो! काराजाल!" म्हणत ते धावत आले.

कालीचने ट्रकमधलं गवत सारखं केलं, खाली उडी मारली आणि हातांची धूळ झाडली. टाळी वाजली. एकदा. पुन्हा एकदा.

मित्रांनो, मी शिकवलेलं विसरत नाही. मी गुडघे मोडले, कुशीवर पडलो, मान टाकली आणि डोळा अर्धा उघडा ठेवला.

"अगदी सिनेमातल्यासारखं!" एक पोरगी किंचाळली. तिघांनी फोन वर धरले. "काय पडला! हुबेहूब!" पोरगा म्हणाला, आणि ते हसत टाळ्या वाजवू लागले. बुबुसाराने मात्र सिनेमा पाहिला नव्हता. तिने माझा अर्धा डोळा पाहिला, दावं टाकलं आणि माझ्या मानेवर येऊन कोसळली. मग आमच्या बायका मेलेल्या माणसासाठी जो विलाप करतात तो तिने सुरू केला.

"अरे माझ्या तोरू, अरे माझ्या काळ्या आयाळीच्या! तू जिंकलेल्या गालिच्यावर माझ्या लेकी बसून नवऱ्या झाल्या रे! माझ्या दुधाच्या कॅनांनी तुझी पाठ सोलली, तू लाथ नाही मारलीस रे! मी तुला शिव्यांबरोबर पाणी पाजलं, तू मान खाली घालून प्यालास! मी तुला कसायाकडे धाडत होते आणि तू मला ते पापही लागू दिलं नाहीस! आता गेलास तर एकटाच जा रे राजा! माझ्या म्हाताऱ्याला मागे बोलावू नकोस! त्याच्या वाटचं मरण तू नेलंस, आता त्याला माझ्यासाठी ठेव!"

मी कान हलवला नाही. पण माझ्या मानेवर पडलेलं पाणी गरम होतं, आणि माझी मती पार गुंग झाली. सगळ्या आयुष्यात ही बाई माझ्याशी असं बोलली नव्हती. हे सगळं तिच्याजवळ होतं, तर ते तिने ठेवलं कुठे होतं? आणि जे लोक माझ्या खोट्या मरणाला रडले, ते आता हसत कसे होते?

मग त्यातली एक पोरगी हसायची थांबली. तिने हळूहळू फोन खाली केला. "अरे, थांबा," ती म्हणाली, "आजी खरंच रडतायत." टाळ्या बंद झाल्या.

तेवढ्यात खिडकी उघडली. विलाप ऐकून एसेनकुल अंथरुणातून उठून आला होता. चेहरा पांढराफटक, खांद्यावर तो जुना कोट.

"बायबिचे," त्याने घाबरून विचारलं, "कोण गेलं? मी का?"

"तोरू गेला हो!"

त्याने माझ्याकडे पाहिलं. माझा अर्धा डोळा त्याच्यावरच होता. त्याला हसू फुटलं, हसण्यातून खोकला फुटला, आणि खोकता खोकता त्याने हाक दिली, "कट!"

मी उठलो आणि साखर कुठे आहे ते पाहू लागलो.

बुबुसारा आधी दचकून मागे पडली. मग तिने दावं उचलून मला दोन फटके लगावले, मग माझ्या गळ्याला मिठी मारली, मग पुन्हा एक फटका दिला. "मेल्या! थेरड्या! नाटक्या!" आणि खिडकीकडे वळून ओरडली, "आणि तुम्ही! छाती उघडी टाकून उभे काय राहिलात? आत व्हा! मला दोघांसाठी रडायला एवढा गळा नाही!" पण एसेनकुल किती दिवसांनी आपल्या पायांवर उभा आहे, हे तिच्या तेव्हाच लक्षात आलं असावं. ती डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाला लावून तिथेच उभी राहिली. ट्रक रिकामाच गेला.

ज्या पोरीने फोन खाली केला होता, तिने जाण्याआधी माझं टाकं भरलं.

एसेनकुलला बरं व्हायला हिवाळा लागला. माझी शेपटी आता गुडघ्याखाली आली आहे आणि उमसुनाय दुसऱ्या कोणाकडे जाऊन काही न बोलता बसते. बुबुसारा अजूनही बादलीबरोबर शिवी देते. पण शिवी झाली की इकडेतिकडे बघते आणि पुटपुटते, "गालिचा छान होता हो तुझा." परवा अंगणात मी तिला एसेनकुलच्या कोटाची बटणं लावताना पाहिलं. तिने त्यालाही काहीतरी हळूच सांगितलं, आणि म्हातारा शर्यत जिंकल्यासारखा फुगला.

मित्रांनो, काराजालसाठी तुम्हाला रडू आलं तर खुशाल रडा. तो कोण होता ते मला अजूनही नीट कळलेलं नाही, पण चांगला घोडा असावा. फक्त घरी गेलात की तुमच्या गोठ्यात, तुमच्या खोलीत जो कोणी अजून उभा आहे, त्याला पाणी विचारा आणि मनातलं चांगलं त्याच्या कानावर घाला. ते ऐकण्यासाठी त्याला आधी पडावं लागू नये. मला उठवायला एक शब्द होता. सगळ्यांसाठी तो नसतो.