झाकणभर पाणी

"काल पाणी किती प्यायलात?" माझ्या दंडावरचा रक्तदाबाचा पट्टा सोडत डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी "भरपूर" म्हणालो. शेजारी बसलेल्या ताईनं माझ्याकडे असं पाहिलं, की लहानपणीच्या सगळ्या थापा आठवल्या.

मी लाँड्रीत इस्त्री करतो. माझी मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हापासून दिवसभर वाफेत उभं राहायचं, लोकांच्या कपड्यांवर पाणी शिंपडायचं आणि स्वतः बाटलीच्या झाकणानं घोटभर प्यायचं, असं चाललं होतं. पाणी किंवा मीठ जरा जास्त झालं की ते अंगातून बाहेर पडत नसे. पाय सुजत, धाप लागे, रक्तदाब चढे. जेवायला मी ताईकडे. तिनं माझ्यासाठी अख्ख्या घराचं मीठ तोडलं, आणि भाऊजी बिचारे तोंड वाकडं न करता जेवले. शेवटी तिनं आपलं एक मूत्रपिंडच मला काढून दिलं.

ते छान चाललं होतं. आज मात्र रक्तदाब फारच खाली आला होता आणि रक्ताचा रिपोर्टही बिघडला होता. ताईनं दिलेलं हातचं जातंय की काय, या विचारानं माझ्या तोंडचं पाणी पळालं.

बाईंनी शांतपणे समजावलं. मूत्रपिंड अंगातलं मीठ-पाणी सतत जोखत असतं. जास्त झालं की बाहेर सोडतं, कमी पडलं की धरून ठेवतं, आणि रक्तदाब सांभाळतं. पण पाणी पोटात गेलंच नाही, तर ते तरी काय धरून ठेवणार? नीट पाणी प्या, अजून काही बिघडलेलं नाही, असं त्या म्हणाल्या.

तोवर ताईनं माझी पिशवी उपसली होती. तळाशी ते झाकण सापडलं.

"अजून यानंच पितोस?"

"तुझी वस्तू आहे, ताई. तिला फार काम पडू नये म्हणून जपून वापरत होतो."

ताई म्हणाली, "वेड्या, वापरायलाच दिलीय ती."

तिनं कोपऱ्यातल्या माठातून पेला काठोकाठ भरून आणला. पहिला घोट भीतभीत गेला, बाकीचं पाणी मी घटाघटा प्यायलो. डोळे भरून आले. एवढं सुख मला माझ्या बहिणीनं दिलं होतं.

रिकामा पेला माझ्या हातातून घेऊन तिनं पुन्हा भरला आणि तिथंच उभ्याउभ्या स्वतः पिऊन टाकला. तिच्याकडेही आता एकच मूत्रपिंड होतं.