भार्गवच्या मापाच्या फिन्स

माझा नवरा भार्गव धरणात बुडाला त्याला अकरा दिवस झाले होते, आणि रोज दुपारी एक वाजता तो वायरवरून मला विचारायचा, "जेवलीस का?"

ती वायर साठ मीटरची होती. एक टोक त्याच्या मुखवट्यात, दुसरं माझ्या हातातल्या फोनमध्ये. तो पाण्याखाली जाऊन धरणाच्या दारांची तपासणी करायचा आणि मी होडीत बसून त्याची वायर सांभाळायचे. नऊ वर्षं आम्ही हेच काम करत होतो. धरणावरचे अभियंता कुलथेसाहेब यांनी पाचव्या दिवशी शोध थांबवला, पण वायर कापायला त्यांनी नकार दिला. "बोलताहेत तोवर राहू द्या, वहिनी," ते म्हणाले आणि टोपी काढून थोडा वेळ उभे राहिले.

बाराव्या दिवशी भार्गवने जेवणाचं विचारलं नाही.

"विशाखा, फिन्स हव्यात," तो म्हणाला. "पाय वर गेलेत. डोकं खाली आहे."

मला लगेच समजलं. तळाचं पाणी गार, म्हणून तो ड्रायसूट घालायचा. ड्रायसूटमध्ये पाणी शिरत नाही, पण आत हवा असते. ती हवा पायांकडे सरकली की पाय फुग्यासारखे वर ओढले जातात आणि माणूस उलटा लटकतो. पायांत जड फिन्स, म्हणजे बुटांवर चढवायचे रबरी पंखे, असले तर पाय जागेवर राहतात.

"नंबर किती?"

"सकाळी अकरा होता. आता तेरा असेल."

मी मालवणला जाणारी एस.टी. पकडली. फोन हातात होता, त्यामुळे वायरही बरोबर आली. माझे ओठ बधिर झाले होते. कुठे उतरायचं ते मला सांगता येईना, तेव्हा कंडक्टरने वायरकडे पाहिलं, स्वतःच तिकीट फाडलं आणि वायर चेपू नये म्हणून खिडकी बोटभर उघडी ठेवली. घाटात मी मागे वळून बघितलं. प्रत्येक वळणावर वायर रस्त्याच्या कडेने नीट पडली होती.

इनासकाकांचं दुकान बंदराजवळ आहे. पंचवीस वर्षं त्यांनी स्वतः पाण्याखाली काम केलं, आता ते पाणबुड्यांचं सामान विकतात. त्यांनी माझ्या हातातला फोन बघितला आणि स्टूल पुढे सरकवलं.

"भार्गवसाठी?"

"हो."

"बस गो बाय. पायाचा नंबर सांगू नको, बुटाचा सांग. ड्रायसूटचा बूट जाड असतो. पायाच्या मापाची फिन त्यात जायचीच नाही."

"बुटाचाच तेरा आहे."

काउंटरवर पाण्याचा टब होता. काकांनी एक लांब, चकचकीत फिन त्यात टाकली. ती तरंगली. त्यांनी ती उचलून बाजूला ठेवली. दुसरी काळी, आखूड, जाड रबराची. ती सरळ तळाशी जाऊन बसली.

"ही," ते म्हणाले. "आणि मागे बकल नको, स्प्रिंग पाहिजे. हातमोजे घातलेल्या बोटांना बकल सापडत नाही."

मी फोनवर सांगितलं, "काळी आहे, रबरी. बुडते."

"चांगली आहे," भार्गव म्हणाला. "पण आता पंधरा लागेल."

काका मागच्या फळ्यांकडे गेले. दुकान लहान आहे, चार पावलांत संपतं. त्या दिवशी ते दहा मिनिटं चालत राहिले आणि मला त्यांची पाठ दिसत राहिली. ते पंधरा नंबर घेऊन आले तोवर सतरा झाला होता. सतरा आणला तेव्हा एकोणीस. त्या खेपेला त्यांची विजार गुडघ्यापर्यंत भिजली होती.

"मागे खोल आहे," ते म्हणाले आणि परत गेले.

मी एकटी राहिले. काउंटर आणि दार यांच्यामध्ये आता फक्त माझ्या स्टुलापुरती जागा उरली होती. मी गुडघे जवळ घेतले.

"विशाखा," भार्गव म्हणाला, "त्या दिवशीच्या निळ्या फिन्स तू काढून दिल्या होत्यास ना?"

माझ्या हातातून फोन पडला. मी तो उचलला. भार्गव वाट बघत होता.

"हो," मी म्हणाले. "काळ्या घरी राहिल्या होत्या. परत जायचं तर काम दुसऱ्या दिवसावर गेलं असतं."

"त्या हलक्या होत्या."

"हो."

"डावीचा पट्टा शेवटच्या भोकात होता, सैल. तू बघितलंस?"

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. कुलथेसाहेबांना नाही, पंचनाम्यात नाही, त्याच्या आईंनाही नाही. त्या माझा हात धरून दोन दिवस बसल्या होत्या.

"बघितलं," मी म्हणाले. "चालेल असं वाटलं. मीच तुला म्हटलं, चालेल."

वायरवर त्याचा श्वास ऐकू येत होता. आत, बाहेर. आत, बाहेर.

"बावीस," तो म्हणाला. "आता नंबर थांबलाय."

काका आले ते छातीपर्यंत भिजलेले. बावीस नंबरच्या फिन्स त्यांनी दोन्ही हातांत धरल्या होत्या. टबात बसेनात म्हणून त्यांनी त्या पाण्यात टाकून दाखवल्या नाहीत. "ह्या बुडणारच," ते म्हणाले. माझ्याकडे मात्र त्यांनी बघितलं नाही. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

परतीच्या गाडीत मी वायर गुंडाळत आले. पूर्ण घाटाची वायर माझ्या मुठीत मावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझा ड्रायसूट चढवला. उतरावं लागलं तर म्हणून. कुलथेसाहेब काठावर थांबले, मी एकटीच होडी वल्हवत दारांपाशी गेले.

शोधावं लागलं नाही. होडीच्या अगदी जवळ दोन तळवे पाण्याला खालून टेकले होते, परातीएवढे. ड्रायसूटच्या काळ्या बुटांचे. काचेच्या पलीकडून कोणी पाय लावून उभं राहावं तसे.

मी पाण्यात हात घातला आणि उजवी फिन चढवली. ती बरोबर बसली. टाचेमागे बोट घालून बघितलं, घट्ट होती. मग डावी चढवली, तिच्या मागे दोनदा बोट घातलं.

"झालं," मी फोनवर म्हणाले.

"सोड मग."

मी सोडलं. पाय हळूहळू खाली जाऊ लागले. रबर जड होतं, ते थांबलं नाही. पाय खाली जात होते आणि त्यांच्याबरोबर पाणीही फिरत होतं, वरचं खाली, खालचं वर. धरणाची भिंत आडवी झाली. काठावरचे कुलथेसाहेब टोपी धरून आडवे गेले, मग उलटे. मी होडीची कड पकडली, पण कड माझ्या हाताखालून वर निघून गेली. कानात पाणी शिरलं. ड्रायसूटमधली हवा कमरेवरून मांड्यांत आली, मांड्यांतून पोटऱ्यांत, आणि मग सगळी बुटांत भरली.

"सरळ झालो," भार्गव म्हणाला. त्याचा आवाज वायरवरून आला नाही. तो वरून आला, उघड्या हवेतून.

माझे तळवे पाण्याला खालून टेकले. मी मान वळवून बघितलं. माझ्या पायांच्या पलीकडे उजेड होता आणि होडीचा तळ होता. होडी एका बाजूला कलली होती.

"विशाखा," त्याने हाक मारली. "कुठे गेलीस?"

मी टाचेने पाण्यावर खालून ठोकलं. तो होडीत बसून दुसऱ्या बाजूला वाकून बघत होता.