थांबा, उठते ती

वर्षा पडली तेव्हा तिला कोणी हातही लावला नव्हता. हे तिच्या बापाने, रामधनने, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि तेव्हापासून त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता.

महागावच्या मैदानावर तालुक्याचा कबड्डीचा शेवटचा सामना होता. वर्षाने चढाईत दोन गडी मारले, मधली रेषा ओलांडून आपल्या बाजूला आली, चार पावलं चालली आणि तोंडावर पडली. शाळेचे खेळाचे शिक्षक घनश्याम सर धावत आले. त्यांनी आधी तिचं डोकं चाचपलं. मागच्या साली एका पोरीचं डोकं दुसरीच्या गुडघ्यावर आपटलं होतं आणि ती दोन दिवस ओकत होती. तेव्हापासून सर डोक्याला फार जपत. वर्षाच्या डोक्याला टेंगूळ नव्हतं, खरचटलेलंही नव्हतं.

तोवर सामना पाहायला आलेल्या तांड्यावरच्या बाया पुढे झाल्या होत्या.

"बसंती आली! पोरीच्या अंगात बसंती आली!"

एकीने कमरेची पिशवी सोडून कुंकू काढलं. तांड्याचे नायक हिरासिंग हात जोडून उभे राहिले. अर्ध्या मिनिटात वर्षाने डोळे उघडले, कपाळाचं कुंकू पुसलं आणि विचारलं, "आपून जिंकलो ना?"

सगळे हसले. रामधनला हसू आलं नाही.

बसंतीबाई ही रामधनची बायको. तीन वर्षांपूर्वी गेली, तेव्हा छत्तीस वर्षांची होती. तांडा तिची गोष्ट अशी सांगे की तिच्या अंगात देवी येत असे. पहिल्यांदा सुटलेल्या बैलामागे धावताना आली, दुसऱ्यांदा होळीच्या नाचात. तिसऱ्यांदा कापूस वेचताना आली आणि तिला घेऊनच गेली. त्या दिवशी तांड्यावरच्या जीवनने आपला ऑटो शेताच्या धुऱ्यापर्यंत आणला होता. रामधननेच त्याला अडवलं. "थांबा, उठते ती," असं तो म्हणाला होता. आधी दोनदा ती उठलीच होती. सगळे हात जोडून बसले, कोणी नारळ आणायला गेलं. अर्धा तास गेला. पुढे बायांनी तांड्याच्या तोंडाशी तिच्या नावाचा ओटा बांधला. रामधनचा भरवसा किती मोठा, हेही लोक त्या गोष्टीत सांगत.

त्या गोष्टीत एक तपशील नव्हता. तिचे ओठ निळे पडलेले रामधनला दिसले होते. दिसले, आणि तरी तो थांबा म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी घनश्याम सर मोटरसायकलवर आले. हातात फॉर्म होता.

"रामधनभाऊ, एक सही पाहिजे. शनिवारी टीम अमरावतीले चालली. तिथं एखादवेळी राज्याच्या टीममध्ये नाव निघालं ना, तं पोरगी पोलिसात लागली समजा."

रामधन चौथी शिकलेला. बोट ठेवून, शब्द जुळवत तो वाचू लागला. चौथा प्रश्न होता, खेळताना विद्यार्थी कधी बेशुद्ध पडला आहे काय? पाचवा, घरातील कोणी पन्नास वर्षांच्या आत अचानक मरण पावले आहे काय?

"ते वाचू नोका जी," सर म्हणाले. "सगळीकडे 'नाही' लिहाचं. सगळेच लिहितात. होय लिवलं का डॉक्टर अडकवते, मंग हे तपासणी, ते तपासणी. शनिवार निंघून जाते."

"पन कालच तं पडली सर."

"उपाशी होती. सकाळपासून दोन बिस्किटं खाल्लीवती तिनं."

"आन् तिची माय?"

सर हळूच म्हणाले, "तुमीच तं सांगता ना का देवीनं नेलं. फॉर्मावर देवीचा रकाना नाही, भाऊ."

रामधनने फॉर्म ठेवून घेतला. उद्या देतो म्हणाला.

संध्याकाळी वर्षा पाणी भरून आली तेव्हा फॉर्म त्याच्या मांडीवर तसाच होता.

"बा, सही काहून नाही केली? सरचा फोन आलता."

"बस इथं. मले तुया याडीबद्दल सांगाचं हाय."

घरात आईला याडीच म्हणत. वर्षा हंडा खाली न ठेवताच उभी राहिली. रामधनला गोष्ट फिरवून सांगता येत नसे. त्याने ओठांचा रंग सांगितला. ऑटो अडवला तेव्हा मनात काय होतं तेही सांगितलं. लोक पाहत होते, आपण घाबरलेलो दिसू नये, असंही होतं.

वर्षाने हंडा ठेवला. थोडं पाणी सांडलं.

"म्हंजे याडीच्या अंगात देवी नव्हती?"

"मले नाही मालूम. पन ते बिमार होती असन. आन् तू तशीच पडली. तशीच, कोनी न ढकलता."

"तू भेला हायेस बस! माया नंबर लागून राह्यला तं तुले आता आठोलं? तीन वर्स काय करत होता?"

रामधनने मांडीवरचा फॉर्म सरळ केला.

"मी प्रत्येक सामन्याच्या आधी त्या ओट्यावर डोकं ठेवतो, बा," ती म्हणाली. "ते पन नाही ठेवलं तुनं मले."

ती आत गेली. रामधनने चौथ्या प्रश्नापुढे होय लिहिलं. पाचव्यापुढे होय लिहिताना पेन दोनदा अडलं. मग सही केली.

सरांनी फॉर्म पाहिला आणि कपाळाला हात लावला. पण फाडला नाही. होय लिहिलेला कागद हातात आल्यावर त्यांनाही भीती वाटली असावी. गुरुवारी ते स्वतःच बाप-लेकीला घेऊन यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात गेले.

डॉक्टर प्रेरणा वयाने लहान होत्या. त्यांनी वर्षाच्या छातीला वायरी लावून ईसीजीची पट्टी काढली आणि ती बराच वेळ पाहिली.

"काका, हिची आई कशी गेली?"

रामधनने सांगितलं. त्यांनी मध्ये टोकलं नाही.

"हिच्या हृदयाचं मांस जाड झालं असावं असं पट्टीवरून वाटतं. आईलाही तेच असू शकेल. नक्की काय ते इको तपासणीत कळेल, त्याची तारीख पुढच्या आठवड्याची मिळेल. तोपर्यंत कबड्डी नाही, धावणं नाही, जड उचलणं नाही. आणखी मुलं आहेत का?"

"मोठी बबिता. कळंबकडं दिली."

"तिलाही आणा. काही त्रास नसला तरी आणा."

सर खुर्चीच्या कडेवर बसले होते. "मॅडम, मैदानावर पडली असती आन् उठली नसती तं?"

"तुमच्या मैदानावर शॉक द्यायची मशीन आहे?"

"मॅडम, आमच्या मैदानावर नळ नाही."

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी तपासणीच्या खाटेवरची उशी काढून टेबलावर ठेवली आणि सरांना आणि वर्षाला जवळ बोलावलं. माणूस श्वास घेत नसेल तर एकाने एकशे आठला फोन लावायचा आणि दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबायचं. जोरात, भराभर, गाडी येईपर्यंत. वर्षाने उशी दाबून पाहिली. तिचे खांदे मजबूत होते. डॉक्टर म्हणाल्या, असं हवं. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण कोणाला दाबायला सांगतोय, आणि त्यांनी उशी काढून घेतली.

एसटीत वर्षा खिडकीकडे तोंड करून बसली. घरी आल्यावरही ती रामधनशी बोलली नाही. ताट वाढायची, उचलायची. शनिवारी टीम तिच्यावाचून गेली. रामधनने बबिताच्या सासरी फोन केला, तर जावई म्हणाला, ठणठणीत बायको आहे, दवाखान्यात नेऊन तिला काय बिमार पाडायची?

रविवारी सकाळी हिरासिंग नायकांनी त्याला ओट्यापाशी बोलावलं. तांडा जमला होता.

"रामधन, तू कागदावर लिवलं म्हने का बसंती बिमारीनं मेली."

"अचानक मेली असं लिवलं, नायक. तेवढंच इचारलं होतं."

"पोरीचा नंबर घालोला. आन् मायची इज्जत बी?"

मग रामधनने तिथे, सगळ्यांपुढे, निळ्या ओठांचं सांगितलं. एक म्हातारी ओरडली, "मंग आमी तीन साल दगडाले नारळ फोडून राह्यलो काय रे?"

"ते तुमी पाहा, माय. मले दिसलं ते सांगतो. जीवन ऑटो घेऊन उभा होता. मी त्याले थांबवलं."

जीवन खाली पाहत होता. तेवढ्यात बायांमधून वर्षा पुढे आली. तिने नायकांना विचारलं, "नायक, मी उद्या इथं पडली, आन् नाही उठली, तं तुमी काय करसान?"

नायकांचे हात सवयीने जुळू लागले होते. ते तसेच अर्ध्यात राहिले.

"मी गाडी काढीन," जीवन म्हणाला.

"गाडी येतवरी?"

वर्षाने शेजारच्या अंगणातलं कापसाचं गाठोडं ओढत आणलं. तिने ते उचललं नव्हतं, तरी रामधन मदतीला धावला. ती गाठोड्याशी गुडघे टेकून बसली आणि दाबायचं कसं ते दाखवू लागली. चार-पाच वेळाच दाबलं आणि धाप लागेल म्हणून स्वतःच थांबली.

"आता तुमी करा," ती म्हणाली.

नायक जागचे हलले नाहीत. म्हातारी उठून निघून गेली. जीवन पुढे झाला, त्याच्या मागून दोघी बाया. मग रामधन बसला. त्याने दोन्ही हात गाठोड्यावर ठेवले आणि दाबलं.

"जोरानं, बा," वर्षा म्हणाली. चार दिवसांत ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलत होती, आणि आवाजात माया नव्हती. "असं कुरवाळून नाही होत. अजून जोरानं."

तो दाबत राहिला. जीवन म्हणाला, झालं भाऊ, आता दुसऱ्याले बसू द्या. रामधनने मान हलवली, पण हात काढले नाहीत.