बनावट तेल

सन १९८५ च्या अखेरीस हिंदी मुलखातील आमच्या इंदिरा नगरातले शेजारी, शास्त्रज्ञ माधवराव, जर्मनीतून परतले, ते आपली वेगवान, टर्बो बसविलेली जर्मन मोटार बोटीने आणवूनच. परंतु थोड्याच दिवसांत अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात आणि वाचा हिरावून घेतली. तेव्हापासून त्यांना कोणी काही विचारीनासे झाले. भाजी कोणती, पंखा हवा की नको, हे सारे इतरच ठरवीत. आणि ते खिडकीतून त्या मोटारीकडे पाहत राहत.

अखेर त्यांच्या पत्नी सुहासिनीवहिनी गाडी चालविण्यास शिकल्या. इंजिनातील तेल बदलण्याकरिता आम्ही तिघे निशातगंजच्या बाजारात गेलो. मी माधवरावांना सावरून गाडीतच बसलो. दुकानाच्या दारातच गाडी लावून वहिनी एकट्या उतरल्या.

दुकानदार शकूरभाईंनी दोन डबे मांडले. "बहनजी, ये आम तेल, ये सिंथेटिक. आपकी गाड़ी के लिए यही लीजिए. इसकी बनावट ही अलग है."

वहिनींची मुद्रा पालटली. सांगलीत वाढलेल्या आणि लग्नानंतर थेट जर्मनीस गेलेल्या त्या माउलीस 'बनावट' या शब्दाचा एकच, मराठी अर्थ ठाऊक होता.

"बनावट है? और आप मुँह पे बोलते हो?"

"मुँह पर ही बोलूँगा. सारी खूबी बनावट की तो है."

"हमको अस्सल दो."

साधा डबा उचलून त्या तणतणत परतल्या. "दादाराव भाऊजी, काय निर्लज्ज माणूस! बनावट तेल विकतो, आणि वर त्याचं कौतुक सांगतो."

मी उत्तर देणार, तोच माधवरावांच्या कंठातून विचित्र ध्वनी निघाला. ठसका लागला असे समजून मी पाठ चोळू लागलो. परंतु ते हसत होते. डोळ्यांतून पाणी वाहीपर्यंत हसत होते.

"वहिनी," मी म्हणालो, "हिंदीत बनावट म्हणजे घडण."

वहिनी आल्या पावली मागे फिरल्या. मग दुकानातून दुसराही डबा आणून त्यांनी दोन्ही डबे पतीच्या मांडीवर ठेवले.

"गाडी तुमची. तुम्हीच सांगा."

माधवरावांनी डाव्या हाताने एकेक डबा फिरवून त्यावरील अक्षरे सावकाश वाचली. टर्बोच्या उष्णतेत साधे तेल जळून काजळी धरते, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार? साधा डबा त्यांनी दूर सारला, दुसऱ्यावर तळवा ठेवला आणि ओठांची पुष्कळ खटपट करून म्हणाले, "ब...नावट."

आजारानंतरचा तो त्यांचा पहिला पूर्ण शब्द होय.

"देखा," शकूरभाई दुकानातून म्हणाले, "साहब भी बनावट ही माँग रहे हैं."

शकूरभाईंच्या मिस्त्रीने इंजिनात तेच तेल घातले. चौकात येताच वहिनींनी वेग कमी केला आणि मागे न वळता विचारले, "सरळ घरी, की हजरतगंजावरून?"

माधवरावांनी डावा हात पुढे करून हजरतगंजाची लांबची वाट दाखविली.