मला घडी घालू नका

दारावरचा लाल दिवा लागला की माझं सगळं लक्ष अजून आतल्या टेबलाकडे लागतं. टेबलावर कोण आहे? तिला कुणी विचारलं का? माझं बोलणं घाईघाईचं वाटेल तुम्हाला, पण स्वस्थ राहणं मला जमतच नाही. द्वारका चौकाजवळच्या एका एक्स-रे सेंटरमधला मी निळ्या रेक्झिनचा एप्रन. माझ्या आत शिशाचं अस्तर आहे. एक्स-रे माणसाच्या मांसातून आरपार जातात, माझ्यापाशी मात्र जवळजवळ सगळेच अडतात. तेच माझं काम.

१९९३ साली मी आलो, तेव्हा ढुंढिराज डॉक्टरांनी मला स्वतःच्या हाताने खुंटीवर टांगलं आणि टेक्निशियन गोटीरामला बजावलं, "याला घडी घालायची नाही. आतलं शिसं मोडतं."

गोटीराम "हो डॉक्टर" म्हणाला आणि आठच दिवसांत माझी चौपदरी घडी करून स्टुलावर ठेवून वर बसला. स्टूल कडक होतं ना त्याचं! अंगावर मात्र त्याने मला कधी घातलं नाही. "लय जड हे, अन् उकडतं," म्हणायचा. किरण दिसत नाहीत, चटका बसत नाही, मग भ्यायचं कशाला?

तीन-चार वर्षांत घडीच्या जागी मला आतून चीर गेली. वरून रेक्झिन तसंच चकचकीत. मला कळत होतं, पण सांगणार कुणाला?

सोनोग्राफी आमच्याकडे होतीच, पुढे शेजारच्या खोलीत सीटी स्कॅनही आलं. मोठं मशीन म्हणजे मोठी तपासणी, असं लोकांनी ठरवूनच टाकलं. मुरगळलेल्या पायालाही "त्या मोठ्यातच घाला" असा हट्ट व्हायचा.

१९९७च्या दसऱ्याआधी छाया आली. झेंडूच्या पाट्या टेम्पोत चढवताना ती घसरून आदळली होती. नवरा अंबडच्या कंपनीत ड्युटीवर, म्हणून सासरे बहिरूआप्पा तिला घेऊन आले होते. चिठ्ठीवर कंबरेचा एक्स-रे लिहिला होता, पण तिचा हात कंबरेवर नव्हता, ओटीपोटावर होता. स्टुलावरून ते मला स्पष्ट दिसत होतं.

गोटीरामने नियमाप्रमाणे विचारलं, पण दारातूनच, आप्पांच्या देखत, मोठ्याने. "ताई, दिवसबिवस नाहीत ना?"

छायाने मान हलवली. नाहीत.

ती टेबलावर निजली. गोटीराम बटणाकडे वळला, तेवढ्यात तिने हात लांब करून मला स्टुलावरून ओढलं आणि पोटावर घेतलं.

"ताई, कंबरेचा फोटो हे. हा वर ठेवला तर फोटोत हाच दिसेल. सोडा."

तिने सोडलं नाही. तिची नखं माझ्या रेक्झिनमध्ये रुतली. मला ओरडावंसं वाटलं, अरे गोटीराम, पुन्हा विचार तिला! आणि ती बिचारी मला घट्ट धरून होती, मी आतून फाटलेला आहे हे तिला कुठे ठाऊक होतं?

गोटीराम थबकला. मग दार उघडून म्हणाला, "आप्पा, खालून चहा पिऊन या. वेळ लागेल जरा." आप्पा गेल्यावर त्याने दार लावून घेतलं. "आता सांगा."

"दोन महिने झाले, भाऊ," म्हणताना छायाला रडूच फुटलं. "आत्याबाईंनी बजावलंय, तीन महिने तोंडातून काढायचं नाय. मागचं गेलं ना माझं. अन् मामांच्या समोर कसं बोलू? याला काय झालं तर?"

गोटीरामने डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी तिचे पाय हलवून पाहिले, मुंग्या येतात का विचारलं. "एका एक्स-रेने बाळाला इजा होईलच असं नाही. धोका फार थोडा असतो. पण आज त्याच्यावाचून अडलेलं नाही, तर तेवढा तरी का घ्यायचा? आधी सोनोग्राफी करू. तिच्यात किरण नसतात, आवाजाच्या लहरी असतात. हाडाचं तिला फारसं कळत नाही, बाळाचं कळतं."

भिंतीपलीकडे मशीन सुरू झालं. मी टेबलावर पडून ऐकत होतो. मग डॉक्टर म्हणाले, "हे बघ, ठोके," आणि छाया हसली.

आप्पा परतले. फोटो झालाच नाही म्हटल्यावर कळवळले. "मग त्या मोठ्या मशिनीत घाला ना डॉक्टर! सूनबाईला काय कमी करू नका."

"आप्पा, डोक्याला मार लागून आत रक्त साचलं असतं, तर मीच सीटी केलं असतं. पण त्याला साध्या एक्स-रेच्या कितीतरी पट किरण लागतात. कंबरेची नस दबली असती तर एमआरआय. तिथे किरण नाहीत, मोठं चुंबक असतं. अंगात पेसमेकर किंवा लोखंडाचा तुकडा असला, तर तेही जिवावर बेतू शकतं. हिला आज यातलं काही नको. आराम द्या आणि पाटी उचलू देऊ नका."

आप्पांची नजर सुनेच्या पोटावरच्या हाताकडे गेली. टोपी सारखी करून एवढंच म्हणाले, "टेम्पो सावकाश चालवायला सांगतो."

त्या दिवसापासून गोटीराम प्रत्येक बाईला दार लावून, एकटीला विचारू लागला. मला मात्र घडीच घालत राहिला. पुढची नऊ वर्षं मी कितीजणींच्या पोटावर निजलो, आणि दर वेळी चिरेतून काय गेलं असेल या विचाराने तळमळलो.

२००६ साली आतलं शिसं शाबूत आहे का पाहायला डॉक्टरांनी माझाच एक्स-रे काढायला लावला. फिल्मवर मी पांढराशुभ्र, मधून चिरेची काळी रेघ. गोटीरामने फिल्म दिव्यासमोर धरली. "ही माझ्या बुडाखालची घडी," म्हणाला. मला पॅसेजमध्ये जुन्या खोक्यांखाली टाकलं, तेही घडी घालूनच.

दोन वर्षांनी छाया आली. दहा वर्षांची भाग्यश्री सायकलवरून पडली होती, मनगटाचा एक्स-रे होता. पोरीच्या मांडीवर नवा एप्रन ठेवला आणि छायाला बाहेर थांबवलं. तिथे तिला मी दिसलो. रेक्झिनवरच्या नखांच्या चार खुणांवर तिने बोट फिरवलं. मग खोकी बाजूला सारून मला बाहेर ओढलं, घडी उलगडली आणि रिकाम्या खुंटीवर नीट टांगलं.

भाग्यश्री बाहेर आली. "आई, हे काय गं?"

"तू पोटात असताना याला धरून बसले होते मी."

मी फाटका होतो, बाई. तुम्हा दोघींना जपलं ते तुझ्या बोलण्याने. हे तिला सांगायचं राहिलंच.

तेव्हापासून मी या खुंटीवर आहे. आता कामाचा नाही, पण माझ्या जागी आलेल्याला तरी घडी घालू नका. आणि तो बघा, लाल दिवा लागला. आत कोण आहे? दार लावून विचारलंत ना तिला?