ओळख पटलेली व्यक्ती

चेक देशातल्या ब्रनो शहरात अळंब्यांची चित्रं काढून मी जेमतेम पोट भरतो. यंदा एक चित्र परदेशात, व्हिएन्नाच्या मासिकाला विकलं, म्हणून व्हॅटची नोंदणी करणं आलं. कर शून्य, पण नोंदणी हवीच.

कर कचेरीच्या खिडकीत आमच्या शेजारच्या क्रोपाच्कोव्हा मावशी बसल्या होत्या. लहानपणी मला न्हाऊ घातलेली ही बाई ओळखपत्र मागायला लागली.

"मावशी, मी हिनेक."

"ते दिसतंय. पण तुझी ओळख कुठे पटलीय अजून?"

महिन्याने दाखला आला. कायद्याने मला दिलेला दर्जा त्यावर ठळक छापला होता: 'ओळख पटलेली व्यक्ती'. चिडून मी तो आईला फोनवर वाचून दाखवला.

"ओळख कुणी पटवली?"

"क्रोपाच्कोव्हा मावशींनी."

आई हुंदका देत म्हणाली, "मेल्या, कुठल्या नदीत सापडलास?"